वीज त्याच्यावरच का पडली?

पत्र

ताई, गेल्या जूनमध्ये माझा धाकटा भाऊ शेतात वीज पडून गेला. छत्तीस वर्षांचा होता. माझं माहेर परभणी जिल्ह्यात, मी पिंपरीला असते. त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास मी त्याला सहज फोन केला होता. तिकडे आभाळ भरून आलं होतं. मी म्हटलं, "भिजू नकोस रे, ताप भरेल, झाडाखाली थांब." तो, माझा चुलत भाऊ आणि सालगडी असे तिघं चिंचेखाली उभे होते. दोघं वाचले, माझा भाऊ जागीच गेला.

गावात म्हणतात, तो पायाळू होता म्हणून वीज त्याच्यावर आली. काकू म्हणते, देवाचा यामागे काहीतरी हेतू असेल, आज आपल्याला कळणार नाही. चुलत भाऊ म्हणतो, मला देवाने कशासाठी तरी मागे ठेवलंय. माझा इंजिनियर मुलगा म्हणतो, आई, हे सगळं रँडम असतं, उगाच अर्थ शोधू नकोस. आणि परवा नऊ वर्षांच्या भाच्याने फोनवर विचारलं, "आत्या, बाबांनी काय पाप केलं होतं?" मला उत्तर देता आलं नाही.

हेतू आहे म्हणावं तर देवाचा राग येतो. योगायोग म्हणावं तर ज्याने सात वर्षं वडिलांना डायलिसिसला नेलं-आणलं, त्या माझ्या भावाच्या जिवाला काही किंमतच नव्हती असं वाटतं. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे, जावंसंच वाटत नाही. मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.

— एक बहीण, पिंपरी

उत्तर

अगं-तुगं करते.

तू विचारलं आहेस हेतू आणि योगायोगाबद्दल, पण मला वाटतं तुला वर्षभर झोपू देत नाहीये तो फोन. म्हणून आधी त्याच्याबद्दल बोलू.

चिंचेखाली तिघं होते. बाकीच्या दोघांना कुणी फोन केला होता? सालगड्याला त्याच्या बहिणीने सांगितलं होतं का, झाडाखाली थांब म्हणून? पाऊस आला की शेतातला माणूस जवळच्या झाडाखाली जातो. त्याचा बाप जायचा, आजा जायचा. तुझा फोन आला नसता तर तुझा भाऊ एकटाच उघड्यावर भिजत उभा राहिला असता आणि बाकीचे दोघं झाडाखाली गेले असते, असं चित्र तुझ्या डोळ्यांसमोर तरी येतं का? माझ्या येत नाही.

एक गोष्ट मात्र मी गोड करून सांगणार नाही. विजा चमकत असताना झाडाखाली उभं राहणं धोक्याचं असतं. हे तुला आज माहीत आहे, त्या दिवशी माहीत नव्हतं. तुझ्या डोक्यात ताप होता, सर्दी होती, धाकट्या भावाचं भिजलेलं अंग होतं. आज कळलेली गोष्ट गेल्या जूनमधल्या बाईला माहीत असायला हवी होती, असा खटला तू स्वतःवर चालवते आहेस. आणि न्यायाधीशही तूच आहेस, त्यामुळे सुटका होत नाही.

असं का होतं, याबद्दल मला जे वाटतं ते सांगते. "माझ्यामुळे झालं" हे वाक्य भयंकर आहे, पण "कुणाहीमुळे झालं नाही" हे त्याहून सोसायला अवघड जातं. दोष स्वतःकडे घेतला की निदान घटनेला कुणीतरी कर्ता मिळतो. काकूने देवाला कर्ता केलं, गावाने पायाळूपणाला केलं, तू स्वतःला केलंस. तिघांचा उद्योग एकच आहे. तुझा सौदा सगळ्यांत महाग पडला, एवढाच काय तो फरक.

आता त्या दुपारी झालं काय ते बघू. तुला हे कुणी सांगितलं नसेल, कारण मयताच्या घरी असलं कुणी बोलत नाही. मे-जूनमध्ये जमीन तापलेली असते, दमट हवा वेगाने वर चढते आणि दुपारनंतर उंचच उंच ढग उभे राहतात. त्या ढगात बर्फाचे कण आणि बारीक गारा एकमेकांवर आदळतात, त्यातून विद्युतभार वेगळा होतो, आणि ढगाच्या तळाशी बहुधा ऋणभार साठतो. तिथून विजेची वाट टप्प्याटप्प्याने खाली उतरते, एकेक टप्पा साधारण 50 मीटरचा. ती जमिनीजवळ आली की खालच्या उंच वस्तूंमधून, झाडाच्या शेंड्यातून, खांबातून, कधी माणसाच्या डोक्यातूनही, भाराचे तंतू वर उठतात. त्यांतला जो आधी गाठ घालेल त्याच्यावर वीज पडते. सगळं सेकंदाच्या अगदी लहानशा भागात उरकतं.

झाडावर पडलेली वीज झाडातच राहत नाही. ओल्या खोडापेक्षा माणसाचं अंग तिला सोपं पडतं, म्हणून ती खोडातून शेजारच्या माणसावर उडी घेते. मुळांकडून जमिनीतही पसरते. उभ्या माणसाचे पाय फाकलेले असले तर एका पायातून शिरून दुसऱ्यातून निघते. गुरांचे पुढचे आणि मागचे पाय लांब लांब असतात, म्हणून झाडाखाली बांधलेली बैलजोडी जाते आणि धनी वाचतो, असं आपल्याकडे होतं. तेव्हा त्या तिघांपैकी कोण गेलं हे कशावर ठरलं असेल? खोडाला टेकून कोण होतं, चार हात लांब कोण होतं, कुणी पाय जुळवून उभं होतं, यावर. विजेला तिघांतल्या कुणाचं नाव माहीत नव्हतं. कुणाची कुंडली तिने पाहिली नाही, कुणाच्या बहिणीचा फोनही ऐकला नाही.

पायाळूपणाचं काय करायचं? जन्मताना पाय आधी आले, एवढाच त्याचा अर्थ. दिवस भरलेल्या बाळंतपणांत शंभरातली तीन-चार बाळं पोटात पायाळू असतात. म्हणजे एकट्या महाराष्ट्रात अशी लाखो माणसं आहेत, आणि बहुतेक जण म्हातारपणी अंथरुणावर शांतपणे मरतात. (यांतल्या पुष्कळ बाळांचा हल्ली सिझर होतो. पोटातून वरच्या वर काढलेलं बाळ पायाळू धरायचं की नाही, हे गावातल्या जाणत्यांना एकदा विचारायला हवं.) याच गावाने कंबरेत उसण भरली की तुझ्या भावाला बोलावून पाठीला पाय लावून घेतला असेल. विहीर खणायची तर पाणी कुठे लागेल ते दाखव म्हणूनही नेलं असेल. तेव्हा पायाळू असणं गुणाचं होतं. चिंचेखाली शेजारी उभे असलेले दोघं पायाळू नव्हते, तरी वीज त्यांच्यापासून हातभर अंतरावर आलीच की.

काकूशी भांडू नकोस. ती वाईट बाई नाही, तिच्याकडे द्यायला दुसरं काही नाही म्हणून तिने हेतू दिला. आणखी एक होत असेल बघ तुमच्या घरात. "त्या दिवशी सकाळी त्याने पोराला जरा जास्तच जवळ घेतलं, त्याला कळलं होतं." "आदल्या रात्री आईला वाईट स्वप्न पडलं होतं." आई लोकांना वाईट स्वप्नं पडतच असतात आणि सकाळी चहाबरोबर विसरली जातात. ज्या स्वप्नानंतर काही घडलं ते तेवढं उरतं. पोराला जवळ घेतलेल्या इतर शेकडो सकाळी कुणाला आठवतात? माणूस गेला की त्याच्या शेवटच्या दिवसाची प्रत्येक गोष्ट खूण होऊन बसते. हे सगळ्यांच्या घरी होतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त त्याला पुरावा समजू नये.

हेतू शोधण्यात खरा धोका कुठे आहे हे मला 1934 सालच्या एका वादाने नीट दाखवलं. त्या वर्षी 15 जानेवारीला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, हजारो माणसं मेली. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतेविरुद्ध दौऱ्यावर होते. ते म्हणाले, अस्पृश्यतेच्या पापाची ही देवाने दिलेली शिक्षा आहे. अस्पृश्यतेच्या बाबतीत रवींद्रनाथ टागोर पूर्णपणे गांधीजींच्या बाजूचे, तरी त्यांनी कडक शब्दांत विरोध लिहून पाठवला. नैसर्गिक उत्पाताचं कारण निसर्गातच असतं, असं त्यांचं म्हणणं. पुढचा मुद्दा त्याहून धारदार होता : असला युक्तिवाद गांधीजींपेक्षा त्यांच्या विरोधकांनाच जास्त शोभतो, उद्या त्यांनी हा दैवी कोप गांधीजींच्या आणि त्यांच्या अनुयायांच्या माथी मारला तर नवल नाही. गांधीजींनी तो लेख स्वतःच्या 'हरिजन'मध्ये छापला आणि उत्तर देऊन आपल्या मतावर ठाम राहिले.

मला टागोरांचं पटतं. हेतूचा कागद कोरा असतो, ज्याच्या हाती पेन आलं तो हवं ते लिहितो. काकूच्या हातात तो कनवाळू आहे, "काहीतरी चांगलं असेल" एवढंच ती लिहिते. तोच कागद शाळेतल्या एखाद्या पोराच्या किंवा पारावरच्या एखाद्या म्हाताऱ्याच्या हाती गेला आणि त्यावर "बापाने पाप केलं असेल" असं लिहिलं गेलं. तुझ्या भाच्याला तो प्रश्न आभाळातून सुचलेला नाही. म्हणून काकूचं बोलणं निरुपद्रवी आहे, असं मी म्हणणार नाही.

मग तुझा मुलगा बरोबर? निम्मा. त्या तिघांत हाच का, या प्रश्नाला "रँडम" हे उत्तर मलाही मान्य आहे. कारणं होती, पण कुणाचा बेत नव्हता. मात्र चिंचेखाली शेतकरी आणि सालगडीच का होते, हे रँडम नाही. आपल्या देशात वीज पडून दरवर्षी 2,000 हून जास्त माणसं मरतात, आणि त्यांतली बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी, गुरांमागे गेलेली असतात. तुझ्या इंजिनियर मुलाच्या ऑफिसच्या इमारतीवरही वीज पडत असेल. तिथे गच्चीवर तडितरक्षक असतो, ती तारेतून जमिनीत जाते आणि आतल्या माणसाच्या चहाच्या कपावर तरंगही उठत नाही. अमेरिकेत 1940 च्या दशकात वर्षाला तीनशेच्या वर माणसं विजेने मरत होती. अलीकडे हा आकडा वीसच्या आसपास आला आहे. विजा कमी झाल्या नाहीत. उघड्या रानात राबणारी माणसं कमी झाली, पक्की घरं वाढली, हवामानाचे इशारे वेळेवर पोचू लागले. देवाचा हेतू त्या देशात ऐंशी वर्षांत दहापटीहून जास्त आटला, असं काकूसुद्धा म्हणणार नाही.

म्हणून "नशीब" म्हटलेलं मला जितकं खटकतं तितकंच "रँडम" म्हटलेलंही खटकतं. दोन्ही शब्द उच्चारले की शेतात निवारा का नव्हता, इशारा का पोचला नाही, हे प्रश्न कुणी विचारत नाही. मुलाला सांग, आई अर्थ शोधत नाहीये, कारणं शोधते आहे, आणि हे काम इंजिनियरला यायला हवं.

त्याला एक काम लाव. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' नावाचं मोबाइल ॲप केलं आहे, आपण जिथे आहोत तिथल्या आसपासच्या विजांची सूचना ते देतं. ते चुलत भावाच्या, सालगड्याच्या आणि गावात ज्याच्याकडे फोन आहे त्याच्या फोनवर घालून दे म्हणावं. आणि गावाला दोन-तीन गोष्टी समजावून सांगू दे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांच्या आत वेळ लागला तर काम टाकून पक्क्या घरात जायचं, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट उरत नाही, त्याला हात लावता येतो. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला लागायचं, 108 ला फोन करायचा. शेणात गाडणं वगैरे करायचं नाही, त्यात हातची वेळ जाते. हे मी येणाऱ्या पावसासाठी लिहिते आहे. गेल्या जूनला लावून पाहू नकोस. लावशील हे मला माहीत आहे, म्हणून मुद्दाम बजावते.

आता तुझ्या प्रश्नातला तो अवघड भाग. योगायोग म्हटलं तर भावाच्या जिवाला किंमत नव्हती असं होतं का?

त्याच्या मरणाला अर्थ नव्हता, असं मी म्हणेन. सरळच म्हणेन. पण मरणाला अर्थ नसला म्हणून जगण्याला नव्हता हे कुठून आलं? तूच लिहिलंस, सात वर्षं तो वडिलांना डायलिसिसला नेत-आणत होता. त्यात योगायोग काही नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा पहाटे उठून, एसटी पकडून, पेरणी असो की मळणी असो, तो जात राहिला. हे त्याने ठरवलं होतं आणि रोज नव्याने ठरवत होता. तुम्ही शोधताय तो हेतू तिथे होता, माणसाचा होता, त्याच्या हातातला होता. छत्तीस वर्षांच्या माणसाला त्याच्या शेवटच्या मिनिटावरून मोजायचं हा हिशेब मला मान्य नाही. वीज कुठेतरी पडायची म्हणून पडली. वडील मात्र सात वर्षं आपोआप जगले नाहीत.

चुलत भावाबद्दलही लिहायला हवं. "मला कशासाठी तरी मागे ठेवलंय" हे ऐकून तुला राग आला असणार. त्याला ठेवलं म्हणजे माझ्या भावाला नको म्हणून टाकलं का, असं मनात आलं असेल. साहजिक आहे. पण त्याच्याकडे जरा वेगळ्या बाजूने बघ. तो माणूस त्या चिंचेखाली होता. त्याने ते पाहिलं. आपण का वाचलो, हा प्रश्न त्याला जेवू देत नसेल, आणि "कशासाठी तरी" हे त्याने स्वतःसाठी केलेलं उत्तर आहे. त्या उत्तरापायी तो भावजयीच्या शेतात नांगर घालणार असेल, भाच्याची फी भरणार असेल, तर त्याला करू दे.

इथे मला तुकोबा आठवतात. 1630 च्या आसपासचा तो मोठा दुष्काळ. तुकोबांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला, व्यापार बसला, गावात अब्रू गेली. आणि पुढे तेच तुकोबा देवाला म्हणतात, बरं झालं दिवाळं निघालं, बरं झालं या दुष्काळाने छळलं. लोक हा अभंग दुःखी माणसाच्या तोंडावर फेकतात. पण म्हणणारा कोण आहे ते बघ. तुकोबा स्वतःच्याच पडझडीबद्दल बोलताहेत, आणि पुष्कळ काळ गेल्यावर बोलताहेत. बायकोची तिरडी अंगणात असताना देहूतल्या शेजाऱ्याने येऊन "तुकोबा, बरं झालं" म्हटलं असतं तर त्याला काय म्हणायचं? त्या दुष्काळात असंख्य माणसं मेली, ती काही एका माणसाला संत करण्यासाठी मेली नाहीत, आणि तुकोबाही तसा दावा करत नाहीत.

अर्थ लावायचा हक्क ज्याच्यावर गुदरलं त्याचा, आणि तोही त्याला वाटेल तेव्हा. नाही लावला तरी चालतं. चुलत भावाने त्याचा लावला. तुझा तू लाव किंवा लावू नकोस. तुझ्या भावजयीचा तिच्यावर सोपव. काकूला, गावाला, तुझ्या मुलाला आणि मलाही तुझ्या वतीने तो लावता येणार नाही.

भाच्याचा प्रश्न मात्र थांबवून ठेवू नकोस. फोनवर नको, समोर बसून बोल. म्हण, "बाबांनी काही पाप केलं नव्हतं. ढगात वीज तयार होते, ती उंच झाडावर पडते, बाबा झाडाखाली उभे होते. झाडाखाली उभं राहू नये हे आपल्याला कुणालाच माहीत नव्हतं." इतकंच. "देवाला चांगली माणसं आवडतात म्हणून तो नेतो" असलं काही सांगू नकोस, नऊ वर्षांचं पोर मग चांगलं वागायला घाबरतं. तो पुन्हा पुन्हा विचारेल, दर वेळी हेच सांग. आणि "तुम्ही फोन केला होता ना" असं कधी त्याने विचारलं, तर लपवू नकोस. "हो, केला होता, तो भिजू नये म्हणून," असं सांग.

घरात कुणी पूर्वजन्म काढला तर तुझ्याकडेही एक उत्तर असू दे. पाली सुत्तांत, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांच्या जुन्या ग्रंथांत, सिवक नावाचा एक फिरता संन्यासी बुद्धांना विचारतो, माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळे, असं काही जण म्हणतात, ते खरं का? बुद्ध नाही म्हणतात. पित्त, कफ, वात, तिन्हींचा प्रकोप, ऋतूंचा पालट अशी आठ कारणं ते मोजतात. कर्म त्यांत शेवटचं एक आहे. सगळ्याचं खापर पूर्वकर्मावर फोडणारे, लोकांना उघड दिसतं त्यालाही ओलांडून जातात, असं त्यांनी म्हटलं आहे. आणि बुद्ध तर कर्म मानणारे होते.

वर्षश्राद्धाला जा. लोक बोलतील तेव्हा प्रत्येकाला उत्तर द्यायची तुझ्यावर सक्ती नाही. "असेल काकू" म्हणून पोळ्या लाटायला उठून गेलीस तरी चालेल. फक्त पोरासमोर पायाळू आणि पाप हे दोन विषय निघाले तर तिथल्या तिथे थांबव, पाहुणा कितीही मोठा असो.

आणि एक दिवस जास्तीचा काढून जा. वीज पडून मृत्यू झाला तर महाराष्ट्रात वारसांना शासनाकडून 4 लाख रुपयांची मदत मिळते. मिळाली नसेल तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि मृत्यूचा दाखला घेऊन भावजयीबरोबर तहसील कार्यालयात जा. शेतकऱ्यांच्या अपघाती मृत्यूसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची सानुग्रह अनुदान योजना आहे, तिच्याबद्दल तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचार. त्या अर्जाला मुदत असते, तेव्हा आधी अर्ज केला होता का हे भावजयीला विचारून घे. सातबाऱ्यावर तिचं आणि मुलाचं वारस म्हणून नाव लागलं का, तेही तलाठ्याकडे बघून ये. बहुतेक घरांत हे वर्षानुवर्षं राहून जातं आणि पुढे त्यावरून सख्ख्यांत वाद होतात.